खरे बोललो, एवढे पुरे का?



२७ जुलै २०१९ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. गाडीत हजाराच्या आसपास प्रवासी होते. बोटींच्या साहाय्याने सर्वांची सुखरूप सुटका झाली.

अशा प्रसंगी भाषा किती वेगवेगळी कामे करते ते पाहा. 'रुळांवर पाणी आहे' ही माहिती. ती खरी की खोटी, एवढेच आपण पाहतो. रेल्वेने प्रवाशांना 'गाडीतून उतरू नका' असे आवाहन केले. ते खरे किंवा खोटे नसते. ते ऐकायचे की नाही, हे सांगणाऱ्यावरील विश्वासावर ठरते. घरून फोन येतो, 'कसा आहेस रे?' विचारणाऱ्याला टीव्हीवर सारे दिसतच असते. त्याला माहिती नको असते, आपल्या माणसाचा आवाज हवा असतो.

आणखी एक काम आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत ते उलगडून दाखवले. काही शब्द घटनेचे वर्णन करीत नाहीत, ती घडवतात. वेदीसमोर वधूवर संमतीचे शब्द उच्चारतात तेव्हा ते लग्नाची बातमी देत नसतात. त्या शब्दांनीच ते एकमेकांचे होतात. 'मी येतो' असे वचन देणाराही त्या क्षणापासून बांधला जातो.

म्हणूनच 'मी खरे तेच बोललो' हा बचाव अपुरा आहे. नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला चारचौघांत 'अजून घरीच का?' असे विचारले, तर त्यात खोटे काहीच नाही. पण त्या शब्दांनी काम केले ते अपमानाचे. म्हातारी आई म्हणते, 'आता जिने चढवत नाहीत.' मुलगा मोबाईलमधून मान वर न करता सांगतो, 'डॉक्टरला दाखव.' सल्ला योग्य आहे. पण तिने सल्ला मागितला होता का?

याचा अर्थ गोड बोलण्यासाठी खोट्याचा आधार घ्यावा असा नव्हे. खोटा दिलासा उघडा पडला की पुढच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवत नाही. शब्द खरा असावा, ही आपली जबाबदारी आहेच. तो समोरच्याचे काय करतो, हीदेखील आपलीच जबाबदारी आहे.

या आठवड्यात घरात कोणी काही बोलले, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबू या. हा माणूस मला काही सांगतो आहे, की काही मागतो आहे?