अक्षरांची बाजू

दसऱ्याला आमच्या घरी कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ आणि एक जुनी तलवार पुजतात. तलवार आपल्याच भागातल्या लोहाराने पणज्यासाठी घडवली, असं वडील सगळ्यांना सांगत. एका वर्षी ती पुसताना मुठीखाली रोमन अक्षरं दिसली. मी दहावी शिकलेला, तेवढं कळलं. वडील तेव्हा फार थकले होते. मी अक्षरांची बाजू खाली करून तलवार पाटावर ठेवली. मग दरवर्षी तशीच.

पुढे वाचून कळलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. युरोपातली पाती पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरत. आपले कारागीर त्यांवर आपली मूठ बसवत. अशा तलवारीला फिरंगच म्हणत. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार 2025 साली सरकारने लंडनच्या लिलावातून 47.15 लाखांना परत आणली. तिचं पातं युरोपातलं, आणि त्यावर रघूजींच्या नावासोबत 'फिरंग' हा शब्द सोन्याच्या देवनागरीत. राजाने लिहून ठेवलं ते मी झाकत होतो!

पण नुसत्या अक्षरांवरूनही मूळ ठरत नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनचे लोहार पासाऊ गावची धावत्या लांडग्याची खूण आपल्या पात्यांवर उमटवत, स्पेनच्या तोलेदोचं नावही घालत. माल खपतो ना! आपल्याकडचे कारागीरही तशी अक्षरं कोरत. म्हणजे वडिलांचं सांगणं खरंही असेल. शोध न घेताच मी त्यांना खोटं ठरवलं, आणि वर त्यांची अब्रू राखल्याचं समाधान मानलं. त्यांना विचारलं असतं तर कदाचित हसले असते. आमच्या कुऱ्हाडीचं पातं ट्रकच्या कमानपट्ट्याचं, दांडा धावड्याचा. ती कोणाची, असं त्यांनी कधी विचारलं नाही. सुरजागडचं लोखंड रोज ट्रकांनी जातं, ते कुठे कोणत्या नावाने विकलं जाईल कोण जाणे.

खरं तर भीती मलाच होती. गावात त्या तलवारीमुळे आमच्या घराला मान.

गेल्या दसऱ्याला नातवाने विचारलं, "आबा, हे बाजू खालीच काऊन ठेवता?"

मी तलवार उलटवली. काडीपेटीतली काडी घेऊन तो अक्षरांतलं जुनं कुंकू कोरत बसला. चार अक्षरं लागली. पाचव्यावर गंज होता.