अमरवेल आणि बांडगूळ

देवाच्या सृष्टीत चमत्कारिक वनस्पती पुष्कळ आहेत. सुमात्रा बेटाच्या रानात रॅफ्लेशिया नावाची एक आहे. 1818 सालच्या एका सफरीनंतर तिची कीर्ती युरोपात पसरली. तिला पान, खोड वा मूळ नाही. ती दुसऱ्या वेलीच्या अंगात गुप्तपणे राहते, आणि सुमारे दोन हात रुंदीचे फूल तेवढे बाहेर टाकते. परंतु इतक्या दूर जाण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. मेहकरच्या भोवताली, पैनगंगेच्या काठच्या शिवारांत, तिच्यासारख्याच दोघी नित्य पाहावयास मिळतात: बोरीवरची अमरवेल व आंब्यावरचे बांडगूळ.

अमरवेलीचे बी मातीतच रुजते. सुताएवढा कोंब निघून आधार चाचपू लागतो. थोड्या दिवसांत तो मिळाला नाही तर मरतो. मिळाला की ती विळखा घालते, सालीत आपली तोंडे खुपसते, आणि मग तिचे स्वतःचे मूळ सुकून जाते. अन्नही झाडाचे, पाणीही झाडाचे. आणि हिला लोकांनी नाव दिले अमरवेल! बोर वाळली म्हणजे हीही वाळते.

बांडगुळाची रीत निराळी. त्याचा पाय मातीस कधी लागतच नाही. फुलटोचा नावाचा इवलासा पक्षी त्याचे फळ खाऊन चिकट बी फांदीस पुसतो. तेथेच ते रुजते. परंतु त्यास हिरवी पाने आहेत. पाणी व क्षार ते झाडाचे घेते, अन्न मात्र उन्हात स्वतः शिजवते. असे असता ऐतखाऊ मनुष्यास आपण बांडगूळ म्हणतो, अमरवेल कोणी म्हणत नाही! बांडगूळ निदान अर्धी भाकर तरी स्वतः भाजते.

तथापि शेतकरी फसतो तो बांडगुळानेच. पिवळी अमरवेल वाटेवरून दिसते. बांडगूळ दुरून आंब्याचीच फांदी वाटते. येथे आम्हांस आपल्या मंडळ्यांची आठवण होते. जो उपासनेस येतच नाही, तो सर्वांस ठाऊक असतो. परंतु जो गीत उंच स्वराने गातो, सभेत पुढे बसतो, आणि आजारी बंधूचे शेत निंदावयाचे असले म्हणजे नेमका गावी नसतो, त्याची पाने हिरवीच दिसतात. मंडळीचा भार मात्र दोन-तीन गरीब घरे वाहतात. हे आम्ही उपदेशकांसही लागू करतो. पौल तंबू शिवून पोट भरीत असे.

मग दुसऱ्याच्या मुळावर जगणे हेच पाप काय? तसे नव्हे. कलमी आंब्याची फांदीही गावठी मुळाचेच पाणी पिते. परंतु तिची पाने जे अन्न तयार करतात, त्याचा वाटा खाली उतरून त्या मुळास पोसतो. बांडगुळाकडून झाडास असे काही परत मिळत नाही. रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात पौलाने रानटी जैतुनाच्या फांदीचा दृष्टांत घेतला आहे, व कलम झालेल्या फांदीने फुशारकी मारू नये असे तिला बजावले आहे. ती रानटी फांदी म्हणजे आपणच आहो.

येत्या रविवारी जेथे उपदेशक पोहोचणार नाही, तेथे मंडळीतील वडिलांनी तो अध्याय वाचून दाखवावा, आणि उपासनेनंतर मुलांस घेऊन आंब्याखाली जावे. बांडगूळ कोठे बसले आहे, हे मुलेच आधी दाखवतील.