दुःस्वप्नांची खतावणी

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याची सवय बहुतेकांना स्मरणाच्या सोयीसाठी जडते. परंतु खानदेशात, जिथे कापसाच्या आणि केळीच्या व्यापाराने रोजकीर्द व खतावणी यांचा संस्कार घरोघरी रुजवला, तिथे नोंद म्हणजे केवळ तारीख आणि नाव नव्हे, तर ती रक्कम कोणत्या खाती टाकावयाची याचा निवाडाही असतो. माझ्या वहीत पुस्तकाचे नाव, कर्ता, मिती आणि शेरा यांखेरीज खात्याचाही एक रकाना आहे, आणि भविष्यकाळाविषयीच्या कथा-कादंबऱ्या तेथे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कशा वर्ग होत गेल्या हे पाहिले म्हणजे भयाची एक कल्पना वाचकाच्या मनात कशी घडत जाते याचा कागदोपत्री पुरावाच हाती येतो.

आरंभीच्या खात्याचे नाव ‘अद्भुत’ असे आहे. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिलेला ज्यूल व्हर्न तेथे आहे, आणि त्याच्यामागून जयंत नारळीकर आहेत, ज्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. भविष्य हा त्या काळी जिंकून घ्यावयाचा मुलूख होता; फार तर वाटेत संकटे येत. तथापि त्याच नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत मनुष्याच्या मुळावर येऊ पाहणारी विद्या पुढच्या काळातून नव्हे, तर भूमीत गाडल्या गेलेल्या एका पूर्वसंस्कृतीच्या ठेव्यातून वर येते, आणि तिच्यासमोर ‘उत्खनन’ एवढाच शेरा आहे.

जॉर्ज ऑर्वेलची १९४९ साली प्रसिद्ध झालेली, १९८४ हे वर्षच नाव म्हणून धारण करणारी कादंबरीही प्रथम ‘अद्भुत’मध्येच जमा झाली होती. तिच्यातील भिंतीवरून पाहणारा पडदा सर्वांच्या ध्यानात राहतो. परंतु धुळ्याला ज्याचे जाणे-येणे आहे आणि वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाच्या दारावरून जो गेला आहे, त्याला या कादंबरीत पडद्याहून अधिक भय त्या कारकुनाचे वाटते, जो आजच्या हुकुमाशी जुळावे म्हणून कालचे वर्तमानपत्र दुरुस्त करतो आणि मूळ प्रत भट्टीत जाऊ देतो. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, वाळवीच्या तोंडून रुमाल सोडवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत सिद्ध केली. ऑर्वेलचा तो कारकून, विन्स्टन स्मिथ, हा त्यांचा अगदी उलटा अवतार होय. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतही विश्वासरावांवरची गोळी चुकल्याचा, म्हणजे पानिपतच्या १७६१ च्या लढाईचा निकाल फिरल्याचा दाखला म्हणून शेवटी बखरीचे एक पानच उरते. ऑर्वेलची कादंबरी आणि ही कथा तेव्हापासून ‘दप्तर’ या नव्या खाती नांदत आहेत, आणि यंत्रमानव, रॉकेट, परग्रह यांचे त्या खात्यात काही काम नाही.

यानंतरची वर्गवारी काही समीक्षकांना रुचणार नाही. ऑर्वेलने भयाचे म्हणून योजलेले १९८४ साल प्रत्यक्षात उगवले तेव्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगावास भरले होते, आणि अध्यक्षपदी शंकरराव खरात होते. त्यांचे ‘तराळ अंतराळ’ हे आत्मकथन वाचताना लक्षात येते, की मनुष्याने कोठे उभे राहावे, कोणाच्या हाकेला धावावे आणि कोणत्या पाणवठ्यापासून दूर राहावे हे जन्मापूर्वीच ठरवून ठेवणारी व्यवस्था उभारण्यास कोणत्याही यंत्राची गरज पडलेली नव्हती; गाव पुरेसा होता. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’मागे तर कायदाच उभा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या आणि १९५२ साली रद्द झालेल्या त्या व्यवस्थेत माणसाचे नाव जमातीवरून सरकारी नोंदवहीत चढे, पोलिसांसमोर हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. अपराध सिद्ध होण्याची वाट कोणी पाहत नसे. साक्ष आणि कल्पना या निराळ्या वस्तू आहेत, आणि भोगलेल्या दुःखाला कादंबरीच्या पंगतीस बसवणे मलाही प्रशस्त वाटत नाही. म्हणून ही पुस्तके मी ‘दप्तर’ खाती वर्ग केली नाहीत. केवळ दोन्हीकडे परस्परांचे पृष्ठांक टाकले. ऑर्वेल ज्या राज्याची भीती घालतो ते काहींच्या पूर्वजांनी भोगून झालेले होते, हे त्या पृष्ठांकांवरून ज्याचे त्याला दिसावे.

हजेरीची ती वही आणि वाचकाची ही वही यांत भेद एवढाच, की एक दुसऱ्याविषयी लिहिली जाते आणि दुसरी स्वतःविषयी. आता तोही विरत चालला आहे. पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्याने कोणती ओळ अधोरेखित केली आणि कोणत्या पानावर तो थांबला, याची नोंद दूरच्या कोणा कंपनीच्या दप्तरी आपोआप जाते. वर्षारंभी पुस्तकांचा इष्टांक ठरवून तो गाठल्याबद्दल शाबासकी मिळवण्याचा प्रघातही पडला आहे, जो मला वसुलीच्या तगाद्याइतकाच रसहीन वाटतो. माझ्या वहीत अर्धवट टाकलेली पुस्तकेही आहेत, आणि त्यांवरचे शेरे बहुधा अधिक लांब आहेत.

एक खाते मात्र अद्याप अनिश्चित आहे. फ्रँक हर्बर्टची १९६५ सालची ‘ड्यून’, जिच्यात मृताच्या देहातील पाणीसुद्धा टोळीच्या मालकीचे असते, ती मी जळगावात ऐन वैशाखात वाचली, पारा पंचेचाळीस अंशांना भिडलेला असताना. तिला ‘अद्भुत’मध्ये ठेवावे तर यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात वर्षानुवर्षे खोल जाणाऱ्या विहिरींच्या बातम्यांची कात्रणे त्याच वहीत खोचलेली आहेत, आणि ‘दप्तर’मध्ये ठेवावे तर तेथे आरोपी कोण म्हणून लिहावयाचा हे ठरत नाही, त्यामुळे खात्याच्या रकान्यात सध्या पेन्सिलीने ‘अनामत’ असे लिहिले आहे.