उष्णतेने नवे काय घडते? कॅरॅमल कस्टर्डचा दाखला

कार्य कारणात आधीपासून असते की ते नव्याने निर्माण होते, हा भारतीय दर्शनांमधला एक मूळ वाद आहे. सांख्य म्हणतात, तेल तिळातूनच निघते, वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. तेव्हा ते तिळात सुप्तरूपाने होतेच. हा सत्कार्यवाद. न्याय-वैशेषिकांना तो मान्य नाही. घट मातीत आधीच असेल, तर कुंभाराने करायचे काय, आणि मातीच्या गोळ्यात पाणी का भरता येत नाही? त्यांच्या मते घट हा नवाच पदार्थ आहे. दूध आणि दही, माती आणि घट ही या वादातली ठरलेली उदाहरणे. घरी भाजलेले कॅरॅमल कस्टर्ड त्यांच्याइतकेच उपयोगी आहे, किंबहुना एका बाबतीत सरस आहे: त्यात एकाच डब्यात उष्णता दोन निरनिराळ्या रीतींनी काम करते.

कृती साधी आहे. नेरूळच्या सिडकोच्या इमारतींतल्या आटोपशीर स्वयंपाकघरातही ती सहज होते. ॲल्युमिनियमच्या डब्यात चार चमचे साखर आणि चमचाभर पाणी मंद आचेवर ठेवतात. साखर वितळते, कडेने पिवळी होते, मग मधासारखा रंग धरते. तांबूस होताच डबा उतरवून तळभर फिरवतात. अर्धा लिटर कोमट दुधात तीन अंडी, साखर आणि व्हॅनिला फेस न आणता मिसळून, गाळून, त्या थरावर ओततात. झाकलेला डबा गरम पाण्याच्या ताटात ठेवून ओव्हनमध्ये १५० ते १६० अंश सेल्सिअसला पाऊण तासाच्या आसपास भाजतात. ओव्हन नसेल तर शिटी काढलेला कुकर चालतो. कडा घट्ट आणि मध्यभाग किंचित थरथरता असतानाच डबा बाहेर काढायचा असतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर कडक कॅरॅमल कस्टर्डमधले पाणी शोषून पातळ होते आणि डबा उलटा करताच वरून ओघळते. खाडीकाठच्या नेरूळमध्ये पावसाळ्यात उघडे राहिलेले कॅरॅमल हवेतली ओल धरून चिकट होते, तोच हा गुण.

आता वादाकडे. दूध आणि दही यांचा दाखला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तिथे शंकराचार्यांचे म्हणणे असे, की उष्णता दही होण्याची गती फक्त वाढवते. दुधात मुळातच ते सामर्थ्य नसते, तर तापवून उपयोग झाला नसता. वारा किंवा आकाश तापवून दही होत नाही. कस्टर्ड या म्हणण्याला अर्धा दुजोरा देते. पिशवीतले नेहमीचे दूध नुसते वाफवून घट्ट होत नाही. त्यातले मुख्य प्रथिन, केसीन, उष्णतेने गोठत नाही. अंडी घातली की मात्र होते. चिकाच्या दुधाचा खरवस तर अंड्याशिवाय होतो, कारण त्या दुधात उष्णतेने गोठणारी प्रथिने भरपूर असतात. म्हणजे उपादान, ज्यापासून वस्तू घडते ते द्रव्य, हवे तसे बदलता येत नाही. सांख्यांचाही हाच मुद्दा आहे, आणि तो खोडणे कठीण आहे.

पण पाकाने, म्हणजे उष्णतेने, बदल नेमका कुठे होतो, यावर न्याय आणि वैशेषिकांतच मतभेद आहे, आणि तोच इथे अधिक रंजक आहे. कच्चा काळा घडा भट्टीत तांबडा होतो. वैशेषिकांचे पीलुपाक मत असे, की घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिकांचे पिठरपाक मत असे, की घडा तसाच राहतो. उष्णता त्याच्या छिद्रांतून आत शिरते आणि अखंड वस्तूचा गुण बदलतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ परंपरेतून हा वाद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची त्या ग्रंथाची टिपांसह आवृत्ती १८९७ साली मुंबईतून निघाली.

डब्याच्या तळाशी जे घडते, ते पीलुपाकाच्या जवळचे आहे. साखरेचे रेणू तुटतात, त्यांतले पाणी निघून जाते आणि तपकिरी रंगाची, किंचित कडू चवीची शेकडो संयुगे तयार होतात. कॅरॅमलची पुन्हा साखर करता येत नाही. त्याच डब्यात वरच्या थरात मात्र अंड्यातली प्रथिने साधारण ६० ते ८५ अंशांच्या दरम्यान उलगडतात, एकमेकांना धरतात आणि त्या जाळ्यात दूध अडकते. इथे रेणू फारसे तुटत नाहीत, रचना बदलते. हे पिठरपाकाकडे झुकते. वैशेषिकांचा परमाणू नित्य आहे आणि आजचा रेणू तसा नाही, हा फरक विसरता कामा नये. तरीही एकच मत सर्व पाकांना लावण्याचा आग्रह इथे टिकत नाही.

राहिला निमित्तकारणाचा, म्हणजे उपादानाला कार्यरूप देणाऱ्या बाह्य कारणाचा, प्रश्न. ताटातले पाणी १०० अंशांपुढे जात नाही, म्हणून डब्याच्या कडा जळत नाहीत. ते पाणी काढा आणि आच वाढवा: तेच दूध, तीच अंडी, पण प्रथिने आवळून पाणी सोडतात आणि दाणेदार, भोकाळ पदार्थ हाती येतो. उष्णता केवळ गती वाढवते, असे म्हणणे इथे अपुरे पडते; कोणते कार्य होणार हे तीच ठरवते. सांख्य उत्तर देतील, की मऊ आणि फाटलेली, दोन्ही अवस्था उपादानात सुप्त होत्याच. ते तर्काला धरून आहे, पण मग सुप्तावस्थेत काहीही मावते आणि मऊ कस्टर्डच का झाले, हे तिच्यावरून सांगता येत नाही. ते सांगायला आच, वेळ आणि पाणी यांचाच आधार घ्यावा लागतो, आणि न्यायमतात त्यांना कारणाचा दर्जा आधीपासून आहे.