सोनूच्या कुंडीसाठी

वेरूळ, आषाढ

चि. सोनू,

तुझ्या बाबाने पाठवलेला फोटो पाहिला. झाड चांगलं गुटगुटीत आहे, कुंडीही देखणी आहे, पण तिला खाली भोक आहे का गं? नसेल तर आधी उठून कुंडी बदल, पत्र मग वाच. महिना झाला तरी झाड तेवढंच आहे म्हणून तू रोज थोडं थोडं पाणी घालतेस असं कळलं, तेव्हा फोनवर घाईत सांगण्यापेक्षा निवांत लिहावं म्हटलं. तू झाडाला जीव लावशील यात मला शंका नाही (मांजराच्या पिलालाही आपल्या वाटचं दूध देणारी पोर तू). काळजी एवढीच, की तुझ्या मायेला दम धरवत नाही.

तुझं हे झाड म्हणजे एचेव्हेरिया, मूळचं मेक्सिकोकडचं. तिथे अठराव्या शतकात वनस्पतींची चित्रं काढणारा अतानासियो एचेव्हेरिया म्हणून एक चित्रकार होता, त्याचं नाव द कांडोल या शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये या झाडांना दिलं. राजाचं किंवा साहेबाचं न देता चित्रकाराचं दिलं, हे मला फार आवडतं. आपल्या न्हाणीमागची पानफुटी याच कुळातली. कंपनी सरकारच्या काळात बेंजामिन हेन नावाचे एक गृहस्थ इकडे वनस्पतींचा अभ्यास करत. त्यांनी पानफुटीचं पान चाखलं, तर सकाळी ते आंबट लागलं आणि दुपारी बेचव. पत्राने कळवलेली त्यांची ही गंमत १८१५ मध्ये छापूनही आली. (उशिरा उठणाऱ्याला हा शोध लागलाच नसता, हे तुझ्या बाबाला वाचून दाखव. तू मात्र पान तोंडात घालू नकोस, त्यात विषारी अंश असतो.)

त्या आंबटपणातच सगळं आलं. उन्हात पानांवरची बारीक छिद्रं उघडली तर आतलं पाणी उडून जाईल, म्हणून ही झाडं दिवसा छिद्रं मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी दारं लावून त्यावर स्वयंपाक करतात. रात्रीत साठून साठून किती साठणार? म्हणून वाढ हळू. पाण्याची काटकसर झाड वेळ खर्चून करतं, आणि आपण रोज तांब्या घेऊन उभ्या राहिलो तर त्याची मुळं कुजतात. आपल्या दारावर उलटी टांगलेली कोरफड बघ, माती नाही, पाणी नाही, तरी कित्येक महिने हिरवी असते.

तेव्हा बोट दोन पेरं मातीत खुपस आणि आत कोरडं लागलं तरच सकाळी लवकर, कुंडी तापायच्या आत, मातीला भरपूर पाणी दे, गाभ्यात नको. खालचं पान सुरकुतलं तर तहान आहे. पिवळट, पारदर्शक होऊन बिलबिलीत झालं तर पाणी जास्त झालंय. सध्या पावसात कुंडी आत घे. माती विकत आणू नकोस. चाळलेला मुरूम, विटेचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत पुरे. आपली काळी माती ओल धरून बसते, ती इथे नको. पानांवरची पांढरी भुकटी मात्र बोटाने पुसू नकोस हं, त्या पानावर ती पुन्हा धरत नाही.

दुसरं रोप हवं असेल तर खालचं एक पान बुडाशी धरून हलकेच डावी-उजवीकडे हलव, टक् करून अख्खं सुटलं पाहिजे. तीन-चार दिवस सावलीत कागदावर पडू दे, जखम सुकली की मातीवर नुसतं ठेव, पुरू नकोस. पुढे काही आठवडे काहीच दिसणार नाही आणि तू ते रोज उलटून बघशील, मला ठाऊक आहे, पण नको बघूस. आधी दोऱ्याएवढी गुलाबी मुळं फुटतात, मग ज्वारीच्या दाण्याएवढा झुबका, आणि जुनं पान त्याला आपलं पाणी देत देत सुकून कागद होतं. तेही ओढून काढू नकोस, आपोआप गळतं.

दिवाळीला आलीस की कैलास लेण्याच्या कडेने डोंगरावर चढू. तिथून खाली मंडपाच्या छतावर कोरलेलं मोठं कमळ दिसतं, वर चार सिंह. कातळ वरून खाली खोदत नेलाय, त्यामुळे तिथे छप्पर आधी आणि जोतं मागून. त्या कमळाच्या पाकळ्या वर्तुळात आहेत. तुझ्या झाडाची पानं मात्र फिरत्या वळणाने येतात, एका वेळी एकच, आधीच्या पानापासून साधारण १३७ अंशांवर, म्हणजे वरच्याने खालच्याचं ऊन फारसं अडत नाही. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन घरीच मापून बघ. मंगळवार धरून येऊ नका, लेणी बंद असतात.

तुझी,
आजी