विद्यापीठाचे व्यासपीठ आणि अंधेरीचे आरोग्य

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर वीस वर्षांनी, १८७७ साली, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी विल्सन यांच्या नावाच्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या देशी भाषा यांचा जो विवेचक इतिहास श्रोत्यांपुढे मांडला, त्याने आपल्याकडील विद्यापीठीय व्याख्यानाची उंची कायमची ठरवून दिली. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेची जी निर्भीड चिकित्सा केली, तीही याच परंपरेतील होती. एखाद्या विषयाच्या अधिकारी पुरुषाने वर्षातून एकदा जाहीरपणे बोलावे, ते बोलणे छापून निघावे आणि पुढील पिढीने त्याचा दाखला द्यावा, ही वहिवाट महाराष्ट्रास नवी नाही. भाषेला, अर्थकारणाला आणि राज्यघटनेला तिचा लाभ झाला. परंतु ज्या विषयाशी प्रत्येक मनुष्याचा जन्मापासून मरणापर्यंत प्रत्यक्ष संबंध येतो, त्या सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाला आपण ही प्रतिष्ठा दिली नाही, आणि या उपेक्षेची किंमत आपण वारंवार मोजीत आलो आहो, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकांना धोरण समजावून सांगणे हे धोरण ठरून गेल्यानंतर करावयाचे एक प्रसिद्धीचे काम आहे, अशी राज्यकर्त्यांची आणि पुष्कळशा वैद्यकतज्ज्ञांचीही समजूत असते. रोगाचे निदान तज्ज्ञाने करावे, उपाय सरकारने योजावा, आणि नागरिकाने तो निमूटपणे अंगीकारावा, असा तिचा थोडक्यात आशय. मुंबईच्या आरोग्याचा इतिहास या समजुतीच्या नेमका उलट कौल देतो. धोरणाचे कारण, त्याचा खर्च आणि त्याची मर्यादा ही तिन्ही लोकांपुढे मांडणे हे त्या धोरणाचेच एक अंग आहे. ते तोडले की उरलेले शरीर कितीही धडधाकट दिसले तरी चालू शकत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोगाचे जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडले होते, आणि मुंबईत येऊन दाखल झालेल्या जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस सिद्ध करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. उंदीर आणि पिसू यांचा संबंध अद्याप सिद्ध व्हावयाचा होता हे खरे, तथापि त्या काळाच्या मानाने ज्ञानाची बाजू लंगडी होती असे कोणी म्हणणार नाही. लंगडी होती ती वाणीची बाजू. घरांच्या झडत्या, रोग्यांना जबरीने इस्पितळात नेणे, घरातील चीजवस्तू जाळून टाकणे या साऱ्या गोष्टी हुकमाच्या भाषेत झाल्या, खुलाशाच्या भाषेत झाल्या नाहीत. आणि पुढे आलेला १८९७ चा साथरोगांचा कायदा, जो अवघ्या काही कलमांत सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देऊन मोकळा झाला, त्यात लोकांस काही सांगितले पाहिजे असा एक शब्दही नव्हता. हुकमाच्या या भाषेचा परिणाम कायदा येण्यापूर्वीच दिसला होता: २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला, कारण तेथे माणसांना बरे करण्यासाठी नेत नाहीत, मारण्यासाठी नेतात, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे कर्तव्य ज्यांचे होते त्यांनी ते केले नव्हते, हे म्हणणे न्यायाचे आहे. कामगारांच्या विश्वासातले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे मात्र त्याच साथीत लोकांची सेवा करीत असता १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगनेच गेले. सक्ती पुढे सैल झाली, ज्ञातिज्ञातींना आपापली रुग्णालये उघडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कोठे विरोध ओसरू लागला.

या अनुभवातून शहाणपण आले नाही असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या पुढाकाराने मुंबईत एक आरोग्यसंघ स्थापन झाला, आणि व्याख्याने, पत्रके व प्रात्यक्षिके यांच्या द्वारा आरोग्यविषयक सुशिक्षित लोकमत तयार करणे हा त्याने आपला हेतू ठरविला. त्याच्याही पूर्वी, १८६० च्या सुमारास, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचे वर्ग निघाले होते, आणि त्यांत शिकविणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकावर मराठीत ग्रंथ लिहिले होते. मराठीला या विषयाचे ओझे पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

मलेरियाचे प्रकरण तर याहून बोधप्रद आहे, आणि त्याचा धागा थेट आजच्या अंधेरीपर्यंत येतो. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील मलेरियाच्या कारणांचा शोध घेऊन अहवाल दिला, आणि शहरातील मलेरियाचा वाहक असलेला ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरींत वाढतो असे दाखवून दिले. विहिरी बुजविण्याचे किंवा घट्ट झाकण्याचे हुकूम सुटले. परंतु विहीर म्हणजे केवळ पाणवठा नव्हे. पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या धर्मकृत्यांशी तिचा संबंध होता, आणि म्हणून तक्रारी झाल्या, अर्ज झाले, सभा झाल्या. येथे प्लेगच्या वेळेप्रमाणे दंगल झाली नाही, वाद झाला. आणि वादातून झाकणे, झडपा, हातपंप यांसारख्या तडजोडी निघाल्या. कीटकशास्त्राचा एक सिद्धान्त आणि लोकांचा आचार यांच्यात बोलणी होऊ शकतात, आणि झाली म्हणजे दोघांचेही फारसे बिघडत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

साष्टी तालुक्यातील अंधेरी हे गाव १९५० साली बृहन्मुंबईत आले. आज महापालिकेच्या के पूर्व व के पश्चिम या दोन विभागांत, म्हणजे अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी आणि पार्ले या टापूत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे १५ लाखांहून अधिक माणसे राहतात. विहिरी बहुतेक गेल्या. त्यांची जागा इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांनी आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्याने घेतली, आणि तोच स्टीफेन्सी डास आता तेथे अंडी घालतो. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कामगार शिडी लावून टाकीवर चढतो, झाकण उघडे सापडले तर सोसायटीवर नोटीस बजावली जाते, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत त्या नोटिशीवर जी चर्चा होते तिचा सूर बहुधा असा असतो की हा पैसे उकळण्याचा किंवा त्रास देण्याचा एक प्रकार आहे. १९११ पासून शंभरावर वर्षे चालत आलेल्या एका शास्त्रीय विचाराचा शेवटचा दुवा म्हणून तो मनुष्य आपल्या गच्चीवर उभा आहे, हे त्या सभासदांना कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम नोटिशीचा छापील मजकूर करू शकत नाही. तासाभराचे व्याख्यान ते करू शकते.

टाकीचा प्रश्न तुलनेने लहान आहे. अंधेरी पूर्वेस मरोळच्या परिसरात जे प्रश्न उभे आहेत ते यापेक्षा फार मोठे आहेत. तेथे महापालिकेच्या भूखंडावर खाजगी संस्थेच्या सहभागाने सेव्हन हिल्स रुग्णालय उभे राहिले, आणि खाटांपैकी २० टक्के खाटा महापालिकेकडून येणाऱ्या रुग्णांसाठी राखाव्यात असा करार झाला. पुढे देणी थकली, वाद न्यायाधिकरणात गेले, रुग्णालय बंद पडले. आणि २०२० साली महासाथ आली तेव्हा तीच इमारत ताब्यात घेऊन महापालिकेला तेथे कोविडचे रुग्ण ठेवावे लागले. सार्वजनिक जमीन आणि खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतून गरिबाला खाट मिळते की नाही, मिळावी म्हणून करारात कोणती कलमे हवीत, आणि करार मोडला तर रुग्णाने कोणाच्या दारात जावे, या प्रश्नांचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्रात याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याच परिसरात औद्योगिक वसाहतीला लागून कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या योजनेत २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. म्हणजे येथे येणारा रुग्ण दानाचा याचक नसून हक्काचा वर्गणीदार आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी या रुग्णालयास आग लागून माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर दीर्घकाळ तेथील आंतररुग्णसेवा बंद राहिली. सीप्झ या निर्यातक्षेत्रात किंवा आसपासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या वर्गणीदाराला त्या काळात काय मिळाले, दरमहा कापल्या गेलेल्या रकमेच्या मोबदल्यात त्याचा हक्क कोणता आणि तो कोठे बजावावयाचा, याचा जाहीर हिशेब कोणीतरी त्याच्यासमोर उभे राहून द्यावयास हवा होता. वृत्तपत्रांत आगीच्या बातम्या आल्या, पण बातमीचा आणि हिशेबाचा धर्म वेगळा आहे.

हा हिशेब विद्यापीठाने वार्षिक जाहीर व्याख्यानातून मांडावा, असे माझे म्हणणे आहे. तो विद्यापीठानेच का मांडावा, असे कोणी विचारील. महापालिकेने मांडला तर तो तिच्या कारभाराची कैफियत होईल, आणि कैफियत देणारा आपल्या बाजूचे कागद आधी काढतो हे स्वाभाविक आहे. खाजगी रुग्णालये शिबिरे भरवितात, तपासण्या करतात, त्यांत काही चांगलेही घडते. परंतु ज्याला रुग्ण मिळवावयाचे आहेत त्याच्याकडून रुग्णसंख्या कमी कशी होईल याचे विवेचन अपेक्षिणे योग्य नाही. विद्यापीठाला काही राखावयाचे नसते आणि काही विकावयाचे नसते; निदान नसावे, अशी आपली श्रद्धा आहे. याशिवाय मुंबई विद्यापीठापुरते एक विशेष कारण आहे. १८५७ पासून वैद्यक हे त्याचे एक प्रमुख अंग होते. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. प्रशासनाच्या दृष्टीने ही तजवीज सोयीची असेल. पण तिच्यामुळे एका बाजूस वैद्यक आणि दुसऱ्या बाजूस अर्थशास्त्र, समाजशास्त्र, विधी यांच्यामध्ये भिंत उभी राहिली, आणि आरोग्यधोरण हा विषय नेमका त्या भिंतीच्या जागेवर वसलेला आहे. कलिन्याच्या आवारातील अर्थशास्त्रज्ञ आणि कूपर रुग्णालयातील वैद्य यांच्यात अंतर काही किलोमीटरांचेच आहे. त्यांना वर्षातून एकदा एकाच व्यासपीठावर आणणे अवघड नसावे.

हे स्वप्नाळू वाटू नये म्हणून एक उदाहरण देतो. लंडनच्या ग्रेशम महाविद्यालयात १५९७ पासून सर्वांना विनामूल्य व्याख्याने होत आली आहेत, आणि वैद्यकाचे अध्यासन त्या मूळ सात अध्यासनांपैकी एक आहे. २०१८ साली त्या अध्यासनावर ख्रिस व्हिटी हे आले, ते पुढल्याच वर्षी इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले, आणि महासाथीच्या काळातही त्यांनी सामान्य श्रोत्यांसाठी व्याख्याने देणे सोडले नाही. देशाच्या आरोग्याची जबाबदारी वाहणारा मनुष्य सामान्य श्रोत्यांपुढे साथींचे शास्त्र उलगडून सांगतो, यात त्याच्या पदाला कमीपणा येत नाही.

अशा व्याख्यानांना निवृत्त मंडळीच येतात, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. तो खरा आहे, आणि तरीही तो मला निर्णायक वाटत नाही. गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, शाळांचे शिक्षक, अंगणवाडी आणि आशा सेविका यांच्यापैकी पन्नास माणसे जरी आली, तरी ती केवळ पन्नास घरांपुरती राहत नाहीत. ती प्रत्येकी एकेका वस्तीशी बोलणारी माणसे आहेत. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या, १९२३ पासून चालत आलेल्या संस्था आणि पुण्याची वसंत व्याख्यानमाला यांनी उपनगरांतील व शहरांतील मध्यमवर्गाला ऐकण्याची सवय लावली. ती सवय मरोळच्या कामगाराला आणि जोगेश्वरीच्या टेकडीवरील गृहिणीला लागणार नाही, असे गृहीत धरण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

पहिल्या व्याख्यानाचा विषयही हाताशी आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली दिलेला अहवाल हा भारतातील आरोग्यव्यवस्थेचा पाया समजला जातो, आणि दर ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्यातील तातडीची शिफारस होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले. ४०,००० हा आकडा १५ लाखांच्या अंधेरीला लावून पाहिला तर काय हिशेब निघतो, आणि अडीच टक्क्यांच्या अभिवचनाचे काय झाले, हे दोन प्रश्न पहिल्या वर्षाच्या व्याख्यानास पुरेसे आहेत. व्याख्यान मराठीत व्हावे, कारण ज्यांना ते ऐकावयाचे त्यांची ती भाषा आहे. विद्यापीठाच्या आवारात न होता अंधेरी पूर्वेच्या एखाद्या महापालिका शाळेच्या सभागृहात, कारखान्यांची दिवसपाळी सुटल्यानंतर व्हावे. तासभर भाषण आणि किमान तेवढाच वेळ प्रश्नांसाठी असावा, आणि प्रश्न लेखी घेऊन निवडक न वाचता विचारणाऱ्याने उभे राहून विचारावेत. महापालिकेच्या आरोग्य खात्याचा अधिकारी, विमा रुग्णालयाचा अधीक्षक आणि दोन्ही विभाग कार्यालयांचे प्रतिनिधी श्रोत्यांत बसलेले असावेत, व्यासपीठावर नव्हे. छापील व्याख्यानाबरोबर त्या सायंकाळचे प्रश्न आणि त्यांची उत्तरेही छापली जावीत. ज्या प्रश्नांस उत्तर मिळाले नाही ते तसे नमूद व्हावेत, आणि पुढील वर्षीच्या व्याख्यात्याने आपले भाषण त्यांच्यापासून सुरू करावे.