दमयंतीच्या तसबिरीखाली

हरणी, बडोदे
शनिवार, दुपार

चि. सोनीस,


परवा फोनवर तू प्रश्न विचारलास आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. हरणीत राहायचं म्हणजे विमानतळ उशाशी. निम्मं बोलणं विमानांच्या पोटात जातं. तू "जाऊ दे गं" म्हणून फोन ठेवलास. पण मला ऐकू आलं होतं. "आजी, आपल्या नाटकांत, कादंबऱ्यांत लग्नाची मुलगी एक तर रडते, नाही तर पळून जाते. मधलं काही नाहीच का?" बायोडाटासाठी साडीतला फोटो काढून आलीस, त्याच संध्याकाळी तुला हे सुचलं. म्हणून म्हटलं, सावकाश लिहावं.

रडणारी म्हणजे आमची शारदा. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. कांचनभट पैशासाठी आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. लहानपणी इथेच बडोद्यात एका हौशी मंडळीनं केलेला प्रयोग पाहिला आणि मी हमसाहमशी रडले. सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. ते लग्न मोडतं कशानं? शारदेला नको आहे म्हणून नव्हे. दोघांचं गोत्र एकच निघतं म्हणून! गोत्र वेगळं असतं तर पोरीचं काय झालं असतं, ते नाटक सांगत नाही. तरी देवलांना मी नावं ठेवणार नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला मुलीची मर्जी पटली नसती, शास्त्र पटलं. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो खरा हरबिलास सारडा यांच्या नावाचा. पण आमच्या आळीतल्या निम्म्या बायका तो या शारदेच्याच नावाचा आहे असं समजत होत्या. मला ती चूक फार आवडते.

बडोद्यानं असा कायदा त्याच्या पंचवीस वर्षं आधीच केला होता, १९०४ मध्ये. मुलीचं वय किमान १२, मुलाचं १६. आज हसू येईल, पण तेव्हा त्यावरूनही लोक चिडले होते. तेव्हाचे महाराज सयाजीराव यांची ही बाजू शाळेत तुला शिकवलीच असेल.

दुसरी बाजू त्यांच्या घरातली. त्यांची मुलगी इंदिराराजे. शिकवलेली, परदेश पाहिलेली. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरवलं. त्यांची पहिली राणी होतीच. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंची कूचबिहारच्या राजपुत्राशी, जितेंद्रनारायणांशी ओळख वाढली, आणि लग्नाची तयारी चालू असताना तिनं आपल्या हातानं ग्वाल्हेरला पत्र लिहून नकार कळवला. घरात कोणाला न सांगता! त्याच दरबारात सयाजीराव बादशहापुढे रीतसर लवले नाहीत म्हणून केवढा गदारोळ माजला होता. बादशहाला न लवणारा बाप, आणि बापाला न लवणारी मुलगी. १९१३ मध्ये लंडनला तिनं त्याच राजपुत्राशी लग्न केलं. आईवडील गेले नाहीत. पुढे तिचीच मुलगी गायत्रीदेवी १९४० साली जयपूरच्या महाराजांची तिसरी राणी झाली, तीही स्वतःच्या पसंतीनं. आईनं जे नको म्हणून घर हादरवलं, ते मुलीनं हौसेनं मागून घेतलं. ही गोष्ट कुठल्या लेखकानं रचली असती तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच जुळवलंय.

आता तुझं 'मधलं'. रखमाबाई बघ. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायचं नाकारलं, आणि नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं बजावलं, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाते. रडली नाही, पळाली नाही. प्रकरण पुढे पैशांवर मिटलं. ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि आपल्या शेजारच्या सुरतेत वर्षानुवर्षं बायकांना तपासत राहिली. टिळकांसारखा माणूस तेव्हा तिच्या विरुद्ध लिहीत होता, हेही लक्षात ठेव. मोठी माणसं सगळीकडे मोठी नसतात.

पण तुला लिहायचं होतं ते खरं पुढेच आहे. आपल्या जुन्या घरातली दमयंतीची तसबीर आठवते? रविवर्म्यानं बडोद्याच्या राजवाड्यासाठी पुराणातली चित्रं काढली, आणि १८९४ मध्ये छापखाना काढल्यावर त्याच्या देव्या नि नायिका घरोघरच्या भिंतीवर आल्या. आमची दमयंती त्यातलीच, हंसाचं बोलणं कान देऊन ऐकणारी. स्वयंवरात काय झालं माहीत आहे ना? चार देव नळाचं रूप घेऊन त्याच्या शेजारी बसले. पाचही सारखे! मग हिनं नीट निरखलं. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, हार कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याच्या कपाळावर घाम होता त्याच्या गळ्यात हिनं माळ घातली. एवढी धीट मुलगी, पण आमच्या तसबिरीत ती निवडताना नाही, ऐकताना आहे. तशीच ती आम्हाला बरी वाटत असावी.

त्या तसबिरीखालीच मी तुझ्या आईला पाहिलं. बशीत कप खडखडत होते. ती गुजराती माध्यमात शिकलेली, म्हणून मला शंका: मराठी धड वाचता येतं का? मी दिवाणावरचं वर्तमानपत्र तिच्या पुढ्यात धरलं आणि म्हटलं, एवढं वाच बरं. बाजारभावाचं पान होतं. हरभरा, तूर, एरंडी, सगळं तिनं न अडखळता वाचलं, फक्त 'ळ' जरा गुजराती वळणाचा. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी तो पाहिला. पाहूनसुद्धा म्हटलं, "अजून एक बातमी." शारदेसाठी रडलेली तीच मी, आणि वर भिंतीवर दमयंती.

हे तुझ्या आईशी मी कधी बोलले नाही. ती विसरली असेल असं धरून चालले होते. काल सकाळी चहाच्या वेळी तिनं पेपर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, एवढं वाचून दाखवता?" चेहरा अगदी सरळ. बाजारभावाचंच पान होतं. चष्मा देवघरात राहिलेला. मी 'एरंडी'पाशी अडखळले, आणि ती हसत हसत कप विसळायला आत गेली.

तुझी,
आजी